शेरीफ की सिटी पोलीस? अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी हद्दीचं गणित

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात कुणीतरी माझ्या उभ्या गाडीला ठोकून निघून गेलं. कुणाला लागलं नव्हतं, म्हणून ९११ हा तातडीचा नंबर न लावता मी शहर पोलिसांच्या साध्या नंबरावर फोन केला. थोड्या वेळाने निळ्या गणवेशातला अधिकारी आला. त्याने चेपलेला दरवाजा पाहिला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मग रस्त्याच्या दुभाजकाकडे हात केला. "दुभाजकाच्या पलीकडे शहर. तुमची गाडी अलीकडे आहे, ही काउंटी. इथली नोंद शेरीफचा डेप्युटी घेईल." त्याने रेडिओवरून निरोप दिला आणि तो गेला. अर्ध्या तासाने तपकिरी गणवेशातला डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या हाताखालचा अधिकारी, आला. फोटो काढले, आपल्या कार्डाच्या मागे केस नंबर लिहून दिला. दुसऱ्या दिवशी विमा कंपनीने रिपोर्ट मागितला तेव्हा सवयीने मी शहराच्या ठाण्यात गेलो, आणि तिथे अशी काही नोंदच नाही म्हणून हात हलवत परतलो. ते कार्ड माझ्या खिशातच होतं. त्यावर काय छापलंय ते मी वाचलंच नव्हतं.

हद्द हा शब्द आपल्याला नवा नाही. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण यांच्या सीमेवर राहणाऱ्याला "हे आमच्या हद्दीत येत नाही" हे वाक्य तोंडपाठ असतं. पण तिथे हद्दी कितीही असल्या तरी खातं एकच, महाराष्ट्र पोलीस, आणि सगळ्यांच्या वर एक महासंचालक. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे वर्ग करता येतो, आणि राज्यातली ठाणी एकाच घरातली आहेत. अमेरिकेत तसं घर नाही. देशभरात पोलिसांची सुमारे १८ हजार स्वतंत्र खाती आहेत. शहराचा पोलीस प्रमुख शेरीफचा हाताखालचा नाही आणि शेरीफ त्याचा वरिष्ठ नाही. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की पुढचं सगळं सुटत जातं.

आणखी एक गोंधळ आपल्या भाषेतूनच येतो. मुंबईत शेरीफ हे पद आहे आणि मराठीत त्याला आपण नगरपाल म्हणतो. दिलीपकुमार, सुनील गावसकर यांनी ते भूषवलं. एका वर्षाचं मानाचं पद, अधिकार जवळजवळ नाहीत. अमेरिकेतला शेरीफ मात्र नगराचा नसून काउंटीचा असतो, आणि त्याच्या हातात बंदूक, तुरुंग आणि कोर्टाचे हुकूम असतात. दोन्ही पदांचं मूळ एकच: इंग्लंडमधल्या परगण्याचा कारभार पाहणारा राजाचा माणूस. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग, आणि त्यात शहरं, गावं आणि कुठल्याच शहरात न मोडणारी मोकळी वस्ती असते. या मोकळ्या वस्तीला तिथे अनइनकॉर्पोरेटेड म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, फोनवर तो लागतो.

पहिलं काम: आपलं घर कुठे आहे ते शोधा

टपालाच्या पत्त्यावर विसंबू नका. सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. पत्त्यातलं शहराचं नाव टपाल खात्याने आपल्या सोयीसाठी दिलेलं असतं. त्याचा शहराच्या हद्दीशी संबंध असेलच असं नाही.

जॉर्जियातल्या फोरसाइथ काउंटीत आपली पुष्कळ मंडळी राहतात. त्यांच्यातल्या कित्येकांच्या पत्त्यावर अल्फारेटा किंवा सुवानी लिहिलेलं असतं. अल्फारेटा शहराला स्वतःचे पोलीस आहेत, पण ते शहर शेजारच्या फुल्टन काउंटीत आहे. फोरसाइथमध्ये शहर असं एकच, कमिंग, आणि तेही छोटं. बाकी सगळीकडे शेरीफ. म्हणजे पत्ता अल्फारेटाचा आणि दारात येणार फोरसाइथचा डेप्युटी. ह्यूस्टनच्या बाजूला हे आणखी मोठ्या प्रमाणावर दिसतं. हॅरिस काउंटीत सुमारे २० लाख लोक कुठल्याच शहराच्या हद्दीत नाहीत. पत्त्यावर ह्यूस्टन किंवा केटी असलं तरी शहराच्या पोलिसांचा त्यांच्याशी रोजचा संबंध नाही.

खात्री करायची तर घराच्या मालमत्ता कराचं बिल काढा. त्यात शहराचा कर वेगळ्या ओळीत असेल तर तुम्ही शहरात आहात. फक्त काउंटी आणि शाळेचा कर असेल तर बहुधा बाहेर. भाड्याने राहत असाल तर काउंटीच्या असेसरच्या (मालमत्तेचं मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) संकेतस्थळावर पत्ता टाकून नकाशा पाहा, हद्दीची रेघ दिसते. तरीही शंका राहिली तर शेरीफच्या साध्या नंबरावर फोन करून सरळ विचारा: माझा पत्ता शहरात आहे की अनइनकॉर्पोरेटेड? असा प्रश्न त्यांना नवा नाही, ते पत्ता घालून लगेच सांगतात.

दुसरं काम: तुमच्या काउंटीत शेरीफ नेमकं करतो काय

इथे जरा थांबून वाचा, कारण "शेरीफ म्हणजे ग्रामीण पोलीस" ही समजूत अर्धीच खरी आहे. बहुतेक राज्यांत कागदावर शेरीफचा अधिकार अख्ख्या काउंटीत चालतो, शहरांच्या आतसुद्धा. शहर पोलिसांचं रोजचं काम शहरापुरतं. म्हणजे शहराच्या आत दोघांचाही अधिकार असतो. म्हणजे दोन हद्दी एकमेकांवर येतात. मग वाद का होत नाहीत? कारण व्यवहारात शेरीफ शहरातली गस्त शहर पोलिसांवर सोडतो आणि मोकळी वस्ती, तुरुंग आणि कोर्ट सांभाळतो. पण ही वाटणी राज्याराज्यांत, कधी तर शेजारच्या दोन काउंट्यांतही बदलते.

उत्तर व्हर्जिनियाचं उदाहरण मला नेहमी उपयोगी पडतं. लाउडन काउंटीत, म्हणजे ॲशबर्न, स्टर्लिंग, साउथ रायडिंग या भागांत, घरात चोरी झाली तर शेरीफचा डेप्युटी येतो. लीसबर्ग गावाला मात्र स्वतःचे पोलीस आहेत. शेजारच्या फेअरफॅक्स काउंटीत गेलात की चित्र पालटतं. तिथे काउंटीचं वेगळं पोलीस खातं आहे आणि चोरीचा तपास तेच करतं. फेअरफॅक्सचा शेरीफ तुरुंग, कोर्टाची सुरक्षा आणि कोर्टाचे कागद बजावणं एवढंच पाहतो. शिवाय काउंटीच्या पोटातल्या हर्न्डन आणि व्हिएन्ना या गावांचे आपापले पोलीस आहेतच. लाउडनमधून फेअरफॅक्सला घर बदललेल्या माणसाने जुन्या सवयीने शेरीफला फोन केला तर त्याला दुसरीकडे पाठवलं जाईल.

न्यू जर्सीत तर मोकळी वस्ती हा प्रकारच नाही. राज्याची इंच न् इंच जमीन साडेपाचशेहून अधिक नगरपालिकांपैकी कुठल्या ना कुठल्या नगरपालिकेत आहे. त्यामुळे एडिसनमध्ये घर असेल तर तुमचे पोलीस एडिसनचे. २१ काउंट्यांना निवडून आलेले शेरीफ आहेत, पण त्यांची गाठ कोर्टात, समन्स आलं तर किंवा कर्ज थकून घर लिलावात निघालं तर पडते. ज्या छोट्या गावांना पोलीस परवडत नाहीत तिथे राज्य पोलीस गस्त घालतात.

कॅलिफोर्नियात तिसरा प्रकार पाहायला मिळतो: शहर आहे, पण पोलीस भाड्याचे. १९५४ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीतलं लेकवुड शहर झालं तेव्हा त्यांनी स्वतःचं खातं उभं न करता शेरीफशी करार केला. ही पद्धत पुढे पसरली आणि आज त्या एका काउंटीत ४२ शहरं शेरीफकडून पोलीस सेवा विकत घेतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, आपल्या ओळखीच्या बे एरियात क्युपर्टिनो आणि सॅराटोगा सांता क्लारा काउंटीच्या शेरीफकडे आहेत. डब्लिनला गेलात तर गाडीवर ठळक अक्षरांत डब्लिन पोलीस लिहिलेलं दिसेल, आतला माणूस मात्र अलामेडा काउंटी शेरीफच्या नोकरीत असतो. शेजारच्या प्लेझंटनचे पोलीस खरोखर प्लेझंटनचे. म्हणून गाडीचा रंग आणि दारावरची अक्षरं पाहून निष्कर्ष काढू नका. कार्डावरचं खातं वाचा.

काही ठिकाणी शहर आणि काउंटी एकच झालेत. सॅन फ्रान्सिस्कोत पोलीस आणि शेरीफ दोन्ही आहेत, पण शेरीफ तुरुंग आणि कोर्ट पाहतो. लास व्हेगासमध्ये १९७३ मध्ये शहर पोलीस आणि काउंटी शेरीफ यांचं एक खातं झालं, आणि त्याचा प्रमुख निवडून आलेला शेरीफ असतो. न्यू यॉर्क शहरात पाच काउंट्यांसाठी एकच शेरीफ, तोही नेमलेला आणि अर्थ खात्याखाली. अलास्कात काउंटी नाहीत, म्हणून काउंटी शेरीफही नाहीत. कनेक्टिकटने मतदान घेऊन २००० मध्ये हे पदच मोडीत काढलं.

विद्यार्थ्यांसाठी एक जोड: मोठ्या विद्यापीठांचे स्वतःचे पोलीस असतात आणि ते पूर्ण अधिकाराचे असतात, आपल्या कॉलेजच्या गेटवरच्या वॉचमनसारखे नव्हेत. वसतिगृहातून लॅपटॉप गेला तर कॅम्पस पोलीस, रस्ता ओलांडून भाड्याच्या खोलीतून गेला तर शहर.

फोन कुणाला करायचा

जिवाला धोका, आग, घरात कुणी घुसलंय, चालू मारामारी: ९११. तिथे हद्दीचा विचार तुम्ही करायचा नाही. ठिकाण कळलं की कुणाला पाठवायचं ते केंद्र ठरवतं. मोबाइलवरून केलेला फोन हद्दीजवळ कधी कधी शेजारच्या केंद्राला लागतो, म्हणून पहिल्या वाक्यात पत्ता किंवा जवळचा चौक सांगा. फोन दुसरीकडे जोडून देत असतील तर ठेवू नका, थांबा.

बाकी सगळ्यासाठी, म्हणजे काल रात्री गाडीची काच फोडली, शेजाऱ्यांचा गोंगाट, दारातून पार्सल गेलं, साधा नंबर वापरायचा. तो शहराचा वेगळा, शेरीफचा वेगळा, कॅम्पसचा वेगळा. आज शोधून फोनमध्ये साठवून ठेवा.

रस्त्यावरच्या अपघातात आणखी एक गाठ आहे. कॅलिफोर्नियात मोकळ्या वस्तीतल्या रस्त्यांवर चोरीचा तपास शेरीफ करतो, पण वाहतूक आणि अपघात हायवे पॅट्रोलकडे, म्हणजे राज्याच्या महामार्ग पोलिसांकडे, असतात. इतर बऱ्याच राज्यांत महामार्ग राज्य पोलिसांकडे. म्हणून अपघाताच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याला तीन गोष्टी विचारा: तुमचं खातं कोणतं, केस नंबर काय, रिपोर्ट कुठून आणि किती दिवसांनी मिळेल. रिपोर्ट ज्याने लिहिला त्याच्याच खात्याकडे असतो. ही तीन उत्तरं मी त्या दिवशी विचारली असती तर माझी एक फेरी वाचली असती.

गाडी थांबवलेल्या वेळी मात्र हद्दीचा वाद काढू नका. "तू शहराचा, मी तर काउंटीत आहे" असं म्हणून काही साधत नाही. पाठलाग करताना अधिकारी हद्द ओलांडू शकतो, अनेक राज्यांत शहर पोलिसांना शहराबाहेरही काही अधिकार असतात, आणि शेजारच्या खात्यांचे एकमेकांना मदत करण्याचे करार असतात. हात स्टिअरिंगवर ठेवा, कागद मागितले की द्या. अधिकार होता की नव्हता हा मुद्दा वकिलाने कोर्टात मांडायचा, तुम्ही रस्त्यात नाही.

कुणाला पकडलं तर

एकदा रात्री दीडला भाच्याचा फोन आला. "मामा, माझ्या रूममेटला सिटी पोलीस घेऊन गेले. ठाण्यात विचारलं तर म्हणतात आमच्याकडे नाही, शेरीफकडे बघा. शेरीफने कशाला नेलं त्याला?"

शेरीफने नेलं नव्हतं. अटक शहराने केली होती, पण शहरांकडे बहुधा मोठा तुरुंग नसतो. पकडलेला माणूस काउंटीच्या जेलमध्ये जातो, आणि बहुतेक राज्यांत ते जेल शेरीफ चालवतो. जेल म्हणजे खटला चालू असलेल्यांसाठी आणि छोट्या शिक्षांसाठी. मोठी शिक्षा झालेल्यांचं प्रिझन राज्याचं, ते वेगळं. म्हणून शोधायचं असं: काउंटी शेरीफच्या संकेतस्थळावर कैदी शोधायचं पान असतं, तिथे पासपोर्टवरचं पूर्ण नाव टाका. नाव लगेच दिसणार नाही, बोटांचे ठसे आणि नोंदणी व्हायला काही तास जातात. आपल्या नावांत वडिलांचं नाव मध्ये येतं, त्यामुळे आडनाव आणि मधलं नाव अदलाबदल करूनही पाहा. न्यू जर्सीसारख्या ठिकाणी जेल अनेक काउंट्यांत वेगळ्या सुधारगृह खात्याकडे असतं, तिथे शोध त्या खात्याच्या पानावर.

आत असलेल्याने दोनच वाक्यं म्हणायची: मला वकील हवा, आणि वकील येईपर्यंत मी बोलणार नाही. जेलच्या फोनवरची बोलणी ध्वनिमुद्रित होतात, तिथे "नक्की काय झालं" हे विचारू नका. भारतीय नागरिकाला आपल्या वाणिज्य दूतावासाला कळवण्याची मागणी करता येते. भारताच्या बाबतीत हे आपोआप होत नाही, मागावं लागतं.

व्हिसावर असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. केंद्राच्या इमिग्रेशन खात्याशी स्थानिक पोलिसांना करार करता येतो, १९९६ च्या कायद्याने तशी सोय केली. शेरीफकडे जेल असल्यामुळे असे करार प्रामुख्याने शेरीफ करतात. काही राज्यांत हा निर्णय शेरीफचा, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत कायद्यानेच त्यावर बंधन आहे. म्हणजे एकाच गावात शहर पोलिसांचं धोरण एक आणि ज्या जेलमध्ये नेतात त्या शेरीफचं धोरण दुसरं असू शकतं. किरकोळ अटक असली तरी फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला.

दारावर कागद घेऊन आला तर

भाडं थकलं, व्यवहारात कुणी दावा लावला, घटस्फोटाचे कागद आले: हे दिवाणी काम सहसा शेरीफचं. शहर पोलीस यात पडत नाहीत, म्हणून घरमालकाने "पोलीस बोलावतो, आज बाहेर काढतो" म्हटलं तर घाबरू नका. कोर्टाच्या हुकुमाशिवाय घर रिकामं करून घेता येत नाही. कॅलिफोर्नियात शेरीफ आधी दारावर पाच दिवसांची नोटीस लावतो. टेक्सासमध्ये हे काम बहुधा कॉन्स्टेबल करतात. तिथला कॉन्स्टेबल आपल्या हवालदारासारखा नाही, तो स्वतः निवडून आलेला स्वतंत्र अधिकारी असतो. कागद घ्यायला नकार दिल्याने दावा टळत नाही. घ्या, तारीख लिहून ठेवा आणि उत्तर द्यायची मुदत पाहा.

याच कामाच्या नावाखाली फोनवरून लुबाडणूक चालते, आणि त्यात आपली शिकलेली माणसंही सापडतात. "शेरीफ ऑफिसमधून बोलतोय, तुम्ही ज्युरीला आला नाहीत, वॉरंट निघालंय, आत्ता गिफ्ट कार्डने पैसे भरा." पडद्यावर शेरीफचा खरा नंबर दिसला तरी तो बनावट असू शकतो. कुठलंही पोलीस खातं गिफ्ट कार्ड, बिटकॉइन किंवा फोनवरच्या ॲपने दंड घेत नाही. फोन ठेवा आणि संकेतस्थळावरच्या नंबरावर स्वतः फोन करा. ज्युरीला, म्हणजे खटल्यात निकाल देणाऱ्या नागरिकांच्या मंडळात, फक्त अमेरिकी नागरिकच बसू शकतात. टपालाने खरं पत्र आलं असेल तर ते फेकू नका, मी नागरिक नाही अशी खूण करून परत पाठवा.

तक्रार आणि मत

वागणुकीबद्दल तक्रार करायची तर पहिली पायरी दोन्हीकडे सारखी, त्या खात्याचा अंतर्गत चौकशी विभाग. फरक त्याच्या पुढे आहे. शहराचा पोलीस प्रमुख नेमलेला असतो. महापौर, सिटी मॅनेजर किंवा नगरपरिषद त्याला काढू शकते, म्हणून नगरपरिषदेच्या सभेत तीन मिनिटं बोललात तरी त्याला वजन असतं. करारातल्या शहरात, क्युपर्टिनोसारख्या, शहराकडेही जा आणि शेरीफकडेही, कारण करार चालू ठेवायचा की नाही हे शहराच्या हातात असतं.

निवडून आलेल्या शेरीफला मात्र सहसा कुणी सहज काढू शकत नाही. काउंटीचं मंडळ त्याचं अंदाजपत्रक ठरवतं, एवढाच त्यांचा दाब. लॉस एंजेलिस काउंटीत २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी मंडळाला चार पंचमांश मतांनी शेरीफला काढण्याचा अधिकार दिला, पण असं फार थोड्या ठिकाणी आहे. बाकी ठिकाणी शेरीफला जाब विचारायचा तो मतपत्रिकेवर.

इथे मला मनापासून सांगायचंय. आपल्यातले कित्येक जण १५-२० वर्षांनी नागरिक होतात, राष्ट्राध्यक्षाला मोठ्या उत्साहाने मत देतात आणि मतपत्रिकेच्या खालच्या भागातला शेरीफ कोरा सोडतात. तुमचं मूल एखाद्या रात्री जेलमध्ये गेलं तर तिथले नियम राष्ट्राध्यक्ष ठरवत नाही. मुदत राज्यागणिक वेगळी आहे: बहुतेक ठिकाणी चार वर्षं, न्यू जर्सीत तीन, मॅसॅच्युसेट्समध्ये सहा. कॅलिफोर्नियातल्या बहुतेक काउंट्यांत शेरीफची निवडणूक आता राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्या वर्षात होते, पुढची २०२८ मध्ये. उमेदवाराला विचारायचे प्रश्न साधे आहेत: जेलमध्ये डॉक्टर चोवीस तास असतो का, इमिग्रेशन खात्याशी करार आहे का, भाषा न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाशी डेप्युटी कसा बोलतो.

शेवटचा प्रश्न मी आई-बाबा इथे येतात म्हणून विचारतो. ते आले की फ्रिजवर इंग्रजी ठळक अक्षरांत एक कागद लावा: पूर्ण पत्ता, जवळचा चौक, घर शहरात की काउंटीत, आणि तुमचा नंबर. त्याखाली देवनागरीत लिहा: ९११ लावा, "मराठी" किंवा "हिंदी" म्हणा, फोन ठेवू नका. अनेक केंद्रं दुभाष्या जोडून देतात. एकदा त्यांना तो कागद मोठ्याने वाचायला लावा, पत्त्याचा आकडा इंग्रजीत म्हणता येतोय ना ते पाहा.